जुना गुन्हा, नवी संहिता: १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतीय दंड संहिता, १८६० गेली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ आली. त्याच दिवशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. तेव्हापासून कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकार जे विचारतात, ते इथे त्यांच्याच शब्दांत मांडलं आहे. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या कागदांवर काय लिहिलंय ते तुमच्या वकिलांना दाखवाच.

माझ्यावर २०२२ मध्ये ४२० लागलं होतं. आता ४२० कलमच राहिलं नाही म्हणतात. मग केस संपली का?

नाही. कलम गेलं, पण त्या कलमाखाली झालेला गुन्हा गेला नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी कधी वेड्यात काढत नाही, कारण एके काळी इंग्लंडच्या न्यायालयांत खरोखरच असं मानलं जायचं. कायदा रद्द झाला की तो जणू कधी नव्हताच, आणि निकाल लागलेला नसेल तर खटलाही त्याच्याबरोबर कोसळायचा. हा घोळ टाळण्यासाठीच कायद्यात ‘निरसन आणि व्यावृत्ती’ नावाचं कलम घालतात. निरसन म्हणजे जुना कायदा रद्द करणं. व्यावृत्ती म्हणजे रद्द करतानाही जे शाबूत ठेवायचं ते शाबूत ठेवणं. न्याय संहितेत हे काम शेवटचं कलम, ३५८, करतं. जुन्या संहितेखाली ओढवलेलं दायित्व, झालेली किंवा होऊ शकणारी शिक्षा, चालू असलेला तपास, खटला, हे सगळं जुनी संहिता रद्द झालीच नाही असं धरून पुढे चालेल, असं ते सांगतं. त्याच्याही मागे जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ चं कलम ६ आहे. ते सगळ्याच रद्द होणाऱ्या केंद्रीय कायद्यांना लागू पडतं, आणि कलम ३५८ त्याचा आधार कायम ठेवतं.

तेव्हा २०२२ च्या फसवणुकीचा खटला दंड संहितेच्या ४२० खालीच चालेल. निकालही ४२० खालीच लागेल, मग तो २०२७ मध्ये का लागेना.

कोणता कायदा लागणार हे नेमकं कोणत्या तारखेवर ठरतं? एफआयआरच्या, अटकेच्या की दोषारोपपत्राच्या?

यांपैकी कोणत्याच नाही. कृत्य ज्या दिवशी घडलं त्या दिवसावर.

ही फक्त कायद्याची सोय नाही, राज्यघटनेची हमी आहे. अनुच्छेद २०(१) सांगतो की कृत्य करताना जो कायदा अमलात होता त्याचाच भंग झाला असेल तर माणसाला दोषी ठरवता येतं. त्या वेळच्या कायद्यात जी शिक्षा होऊ शकत होती तिच्यापेक्षा जास्त शिक्षाही देता येत नाही. संसदेने उद्या ठरवलं तरी साध्या कायद्याने ही हमी मोडता येणार नाही.

एफआयआरची प्रत हातात घ्या. वरच्या भागात कायदा आणि कलमं लिहिलेली असतात. त्याखाली गुन्हा केव्हा घडला त्याचा रकाना असतो, ‘दिनांक पासून’ आणि ‘दिनांक पर्यंत’ असा. पोलीस ठाण्यात माहिती केव्हा मिळाली तो रकाना वेगळा. लोक बहुतेक वेळा दुसऱ्याच रकान्याकडे पाहतात. तुमच्या कामाचा आहे तो पहिला.

घटना मे २०२४ ची आणि तक्रार ऑक्टोबर २०२४ ची. पोलिसांनी कोणतं कलम लावायला हवं होतं?

दंड संहितेचं. तपासाची पद्धत मात्र नागरिक सुरक्षा संहितेची. म्हणजे एकाच एफआयआरमध्ये गुन्ह्याचं कलम जुन्या कायद्यातलं आणि नोंद नव्या कायद्याच्या कलम १७३ खाली. पाहायला विचित्र वाटतं, पण बरोबर तेच आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये हेच सांगितलं: घटना १ जुलैच्या आधीची असेल तर एफआयआर नंतर झाली तरी कलमं दंड संहितेची, तपास मात्र नव्या प्रक्रियेने.

माझ्याकडे आलेल्या एका ताईंची गोष्ट सांगते. सोसायटीतल्या भिशीचे पैसे एका बाईंकडे जमा व्हायचे. मार्च २०२४ पर्यंत सगळ्यांनी भरले, एप्रिलमध्ये घराला कुलूप. आज येतील, उद्या येतील म्हणत दिवाळी आली, तेव्हा तक्रार झाली. एफआयआरवर न्याय संहितेचं ३१६(२) म्हणजे विश्वासघात आणि ३१८(४) म्हणजे फसवणूक. दोन्ही नवी कलमं, गुन्हा मात्र संपूर्ण जुना. ताईंनी भिशीची वही जपून ठेवली होती. तिच्यातली शेवटची सही २८ मार्चची. फसवणुकीच्या कलमात शिक्षेची कमाल दोन्ही कायद्यांत सात वर्षंच आहे, त्यामुळे तिथे फक्त आकडा चुकला. विश्वासघाताचं तसं नाही. दंड संहितेच्या ४०६ मध्ये कमाल तीन वर्षं, ३१६(२) मध्ये पाच. इथे चुकीचं कलम म्हणजे आरोपीच्या डोक्यावर दोन वर्षं जास्त. ताई फिर्यादी होत्या, तरी मी त्यांना हे कलम दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. पुढे बचावाचा वकील तेच काढून वेळ खाणार, त्यापेक्षा आताच सरळ केलेलं बरं.

चुकीचं कलम लागलं म्हणून केस पडते का?

सहसा नाही. एफआयआर ही सुरुवात आहे. तपास अधिकारी कलमं बदलू शकतात, न्यायालय दोषारोप ठेवताना तपासून घेतं, आणि निकालापर्यंत दोषारोपात बदल करायचा अधिकार न्यायालयाला असतो, जुन्या कायद्यात कलम २१६, नव्यात २३९. कलमाचा आकडा चुकला, पण आपल्यावर नेमका कशाचा आरोप आहे हे आरोपीला नीट कळलं होतं आणि त्याच्या बचावाला धक्का लागला नाही, तर एवढ्या कारणाने खटला रद्द होत नाही.

म्हणून आरोपीच्या घरच्यांना कळकळीने सांगते: ‘कलम चुकलंय, केस फेकून देतो’ असं म्हणून कोणी मोठी फी मागत असेल तर आधी दुसऱ्या वकिलाचा सल्ला घ्या.

प्रक्रियेचा कायदा नवा चालतो आणि गुन्ह्याचा नाही, असा भेद का?

आपण काय केलं तर गुन्हा होतो आणि किती शिक्षा होते, हे माणसाला ते करण्याआधी माहीत असायला हवं. तपास कोणत्या नमुन्यात होईल, अर्ज कोणत्या कलमाखाली लिहायचा, यावर त्याचा तसा हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये राव शिवबहादूर सिंग यांच्या खटल्यात हाच फरक केला. अनुच्छेद २० मागाहून आलेल्या कायद्याने दोषी ठरवायला आणि शिक्षा द्यायला मनाई करतो, खटला कोणत्या पद्धतीने चालावा याला नाही.

तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३१ ने एक रेघ ओढली आहे. १ जुलै २०२४ च्या आदल्या क्षणी जे अपील, अर्ज, खटला, चौकशी किंवा तपास प्रलंबित होता तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणेच पुरा होईल. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १७० मध्येही तसंच आहे. त्यामुळे ज्यांचा खटला आधीच सुरू होता त्यांच्या साक्षीपुराव्याला आजही जुना पुरावा कायदा लागतो. मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगचं प्रमाणपत्र देताना हे नेमकं आठवत नाही: जुन्या खटल्यात ते ६५ब प्रमाणे, नव्यात कलम ६३ प्रमाणे आणि त्याच्या ठरलेल्या नमुन्यात.

जुन्या गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाचा अर्ज आज करायचा तर कोणत्या कलमाखाली?

अर्ज १ जुलै २०२४ ला प्रलंबित नव्हता, तो नव्याने होतोय, म्हणून तो नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ खाली, असाच उच्च न्यायालयांचा कल राहिला. पंजाब-हरयाणा आणि केरळच्या उच्च न्यायालयांनी जुलै २०२४ मध्येच १ जुलैनंतर दाखल होणाऱ्या अर्ज-अपिलांबद्दल ही भूमिका घेतली.

आकड्यांचा इथे फार घोटाळा होतो. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयात खटला रद्द करून घेण्याचा अर्ज. नव्यात ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, आणि खटला रद्द करण्यासाठी ५२८. गुन्ह्यांच्या बाबतीतही तेच. ३०२ म्हटलं की आपल्याला खून आठवतो. न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३(१) मध्ये आहे आणि ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोललेले शब्द. ३०७ खुनाचा प्रयत्न राहिला नाही, तो १०९ झाला. नव्या संहितेत कलमंच ३५८ असल्यामुळे ४२० तर नावालाही उरलं नाही. म्हणून नुसता आकडा ऐकून घाबरू नका. आकड्यामागे कायद्याचं नाव आणि साल लिहिलंय का ते पाहा.

अपघात जून २०२४ मधला. नव्या कायद्यात शिक्षा वाढली आहे. ती आम्हाला लागेल का?

नाही लागणार. दंड संहितेच्या ३०४अ मध्ये हयगयीने मृत्यू घडवल्यास कमाल दोन वर्षं कैद किंवा दंड किंवा दोन्ही, एवढीच शिक्षा होती. न्याय संहितेच्या १०६(१) मध्ये ती पाच वर्षांपर्यंत गेली. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून तसं घडलं तर कमाल दोन वर्षं आहेत. कृत्य १ जुलैच्या आधीचं असेल तर दोन वर्षांची मर्यादा ओलांडता येत नाही. केदारनाथ बाजोरिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये मागाहून वाढवलेला दंड जुन्या गुन्ह्याला लावू दिला नव्हता. वाढ कैदेची असो की पैशाची, नियम एकच.

थोडा अवघड प्रश्न असा: धडक २८ जूनला बसली, जखमीने प्राण सोडला ३ जुलैला. मग? राज्यघटनेचा शब्द ‘कृत्य’ आहे, परिणाम नाही. चालकाच्या हातून जे व्हायचं ते २८ जूनलाच होऊन गेलं होतं. माझ्या मते अशा वेळी ३०४अ हेच बरोबर कलम आहे. मृताच्या घरच्यांना हे सांगताना जड जातं. त्यांच्या लेखी माणूस जुलैत गेला.

जाता जाता, धडक देऊन न कळवता पळून जाण्याबद्दलचं दहा वर्षांपर्यंतच्या कैदेचं १०६(२), ज्यावरून जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला, ते १ जुलैला अमलात आणलेल्या तरतुदींतून वगळलं होतं.

आणि शिक्षा कमी झाली असेल तर? तेव्हाही जुनीच धरायची का?

इथे माझं मन आरोपीच्या बाजूने झुकतं, हे आधीच सांगते. अनुच्छेद २०(१) जास्त शिक्षेला अडवतो, कमी शिक्षेला नाही. १९६४ च्या रतनलाल खटल्यात सोळा वर्षांच्या मुलाला शिक्षा झाली तेव्हा गुडगाव जिल्ह्यात परिविक्षा कायदा, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडायची सोय, लागू नव्हता, मागाहून लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याला त्याचा लाभ दिला, कारण शिक्षेची धार बोथट करणारा कायदा मागे लावल्याने कोणावर अन्याय होत नाही. १९८२ मध्ये टी. बराई खटल्यात अन्नभेसळीच्या आरोपीला मागाहून कमी झालेल्या शिक्षेचा फायदा मिळाला.

पण हा लाभ आपोआप मिळत नाही. कलम ३५८ जुनी शिक्षा शाबूत ठेवतं, आणि सरकारी वकील तेच वाचून दाखवतील. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी, आरोपी पहिल्यांदाच दोषी, वस्तू परत दिलेली, तर न्याय संहितेच्या ३०३(२) मध्ये तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवा आहे. जुन्या ३७९ मध्ये तसं काही नव्हतं. २०२३ मध्ये सायकल चोरलेल्या पोरासाठी वकिलाने हा मुद्दा मांडलाच पाहिजे. न मांडता गप्प बसणं मला पटत नाही.

प्रक्रियेच्या बाजूने एक मोठा दिलासा मात्र पक्का आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ प्रमाणे, याआधी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला सोडायचं. जुन्या ४३६अ मध्ये सगळ्यांनाच अर्धा काळ थांबावं लागे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही सवलत नाही, आणि एकापेक्षा जास्त खटले प्रलंबित असतील तरी अडचण येते. २३ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १ जुलैच्या आधीच्या प्रकरणांतल्या कैद्यांनाही हे लागू आहे. घरातलं कोणी आत असेल तर आजच अटकेची तारीख आणि कलमाची कमाल शिक्षा कागदावर मांडून हिशेब करा. हा अर्ज पुढे पाठवणं तुरुंग अधीक्षकांचं काम आहे, पण आठवण घरच्यांनी करून द्यायला काहीच हरकत नाही.

नव्या संहितेत तो गुन्हाच नसेल तर?

आधी हे वेगळं करा: गुन्हा संसदेने रद्द केला की न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला? संसदेने नुसता वगळला असेल तर व्यावृत्तीमुळे जुन्या कृत्याचा खटला टिकतो. न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला असेल तर वाचवायला मागे काही उरतच नाही. व्यभिचाराचं ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रद्दबातल ठरवलं, म्हणून तिथे कलम ३५८ चा प्रश्न येत नाही.

३७७ चं तसं नाही. प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांपुरतं ते २०१८ मध्येच निकामी झालं, पण संमतीविना केलेल्या कृत्यांसाठी उरलं होतं. न्याय संहितेत ते पूर्णच वगळलं. १ जुलैच्या आधी एखाद्या पुरुषावर अत्याचार झाला असेल तर ३७७ खाली खटला आजही चालतो. नंतर झाला असेल तर त्याच्या जागी तसं कलमच नाही. बलात्काराचं कलम ६३ स्त्रीवरच्या अत्याचारापुरतं आहे, आणि मुलांना पॉक्सोचं संरक्षण आहे. प्रौढ पुरुष मधल्या मध्ये राहून गेला, आणि ही उणीव संसदेने भरून काढायला हवी.

आत्महत्येच्या प्रयत्नाचं ३०९ ही गेलं. लोकसेवकाला त्याचं काम करण्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा २२६ मध्ये ठेवला आहे.

नवा गुन्हा जुन्या कृत्याला लावता येतो का?

मुळीच नाही. गळ्यातली साखळी हिसकावणं हा ३०४ खाली वेगळा गुन्हा झाला तो १ जुलैपासून. आधीच्या घटनेला चोरी किंवा जबरी चोरीचीच कलमं.

गुंता होतो तो १११ मध्ये, म्हणजे संघटित गुन्हेगारीत. तिथे मागच्या दहा वर्षांतली दोषारोपपत्रं मोजतात, आणि ती जुनी असणारच. महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही, मकोकाने, म्हणजे राज्याच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याने, तो १९९९ पासूनच उभा केलाय. शिवाजी सोनवणे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं की नुसत्या जुन्या दोषारोपपत्रांवर मकोका लागत नाही, कायदा आल्यानंतरही तसं कृत्य चालू राहिलेलं असायला हवं. जुना इतिहास पार्श्वभूमी म्हणून चालेल, शिक्षा मात्र नव्या कृत्याचीच. १११ लावलेल्या कागदात १ जुलै २०२४ नंतरचं कृत्य कोणतं, ते आधी शोधा.

सासरचा छळ २०२१ पासून सप्टेंबर २०२४ पर्यंत चालू होता. मग ४९८अ की ८५?

दोन्ही. ३० जून २०२४ पर्यंतच्या छळाला ४९८अ, १ जुलैपासूनच्या छळाला न्याय संहितेचं ८५. छळाची व्याख्या ८६ मध्ये गेली. मजकूर जवळजवळ तोच आणि शिक्षाही तीच, तीन वर्षांपर्यंत. पण तक्रार लिहिताना ‘लग्नापासून त्रास देतात’ असं एकच वाक्य लिहून थांबू नका. कोणत्या सणाला, कोणासमोर, काय झालं ते तारखेनिशी लिहा. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘गणपतीच्या आधी’, ‘धाकट्याच्या बारशाच्या दिवशी’ असं लिहिलं तरी चालतं. कोणता प्रसंग कोणत्या कायद्यात बसतो, ते त्यावरून काढता येतं.

दुसऱ्या कायद्यांत अजूनही ‘भारतीय दंड संहिता’ असंच लिहिलंय. ते कसं वाचायचं?

जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टच्या कलम ८ प्रमाणे, रद्द झालेल्या कायद्याचा उल्लेख त्याच्या जागी आलेल्या कायद्याचा उल्लेख म्हणून वाचायचा, वेगळा हेतू दिसत नसेल तर. त्यामुळे दर ठिकाणी दुरुस्ती होईपर्यंत काही अडत नाही.

शिक्षा आधीच झाली आहे, अपील चालू आहे. काय बदलेल?

शिक्षेचं कलम बदलणार नाही. अपील १ जुलैच्या आधी दाखल झालं असेल तर तेही जुन्या प्रक्रियेने चालेल.

नोकरीच्या फॉर्ममध्ये किंवा चारित्र्य पडताळणीत काय लिहू? नवीन कलम शोधून लिहायचं का?

नको. कागदावर जे आहे तेच लिहा: गुन्हा रजिस्टर क्रमांक, पोलीस ठाणं, भारतीय दंड संहितेचं कलम, खटल्याची आजची अवस्था. तक्ते पाहून ‘४२० म्हणजे ३१८(४)’ असं बदलून लिहिलं तर पडताळणीत जुळत नाही आणि लपवाछपवीचा संशय येतो. निर्दोष सुटला असाल तर निकालाची साक्षांकित प्रत जोडा. एका मुलाने ‘आता ते कलमच नाही’ म्हणून रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं. गुन्हा किरकोळ मारामारीचा, तोही तडजोडीने मिटलेला. नेमणूक अडकली ती त्या गुन्ह्यामुळे नाही, ‘लागू नाही’ या दोन शब्दांमुळे.

असं पूर्वी कधी झालंय का?

झालंय. मुंबई इलाख्यात १८२७ चा चौदावा रेग्युलेशन हाच फौजदारी कायदा होता. त्याच्या जागी दंड संहिता १ जानेवारी १८६२ ला अमलात आली. जम्मू-काश्मीरमध्ये रणबीर दंड संहिता २०१९ पर्यंत होती. गोव्यात मुक्तीच्या आधी पोर्तुगीज दंड संहिता होती. दोन्हीकडे मागाहून भारतीय दंड संहिताच आली.

माझ्या एफआयआरवर घटनेची तारीखच चुकीची पडली आहे. मी काय करू?

वाट पाहू नका. तपास अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या, पोचेची सही घ्या, आणि पुरवणी जबाबात बरोबर तारीख नोंदवायला सांगा. तारखेला आधार देणारं जे असेल ते सोबत जोडा: दवाखान्याचा केसपेपर, बँकेचं स्टेटमेंट, मोबाइलमधला संदेश, भिशीची वही. घटना ३० जून आणि १ जुलैच्या मधल्या रात्रीची असेल तर वेळही लिहा, कारण रात्री बाराच्या आधी दंड संहिता होती आणि बारानंतर न्याय संहिता.